धरण भरले; पाण्यात काय वाढते आहे?

पावसाळ्याच्या उत्तरार्धात नवी मुंबईच्या बातम्यांमध्ये एक बातमी ठरलेली असते. खालापूर तालुक्यातील चौकजवळचे मोरबे धरण किती टक्के भरले, ८८ मीटरची पूर्ण पातळी गाठली गेली की नाही, दरवाजे कधी उघडले आणि जलपूजन कोणाच्या हस्ते झाले, याचा तपशील त्यात असतो. सुमारे १९० दशलक्ष घनमीटर साठवणक्षमतेचे हे धरण नवी मुंबई महानगरपालिकेच्या स्वतःच्या मालकीचे आहे आणि स्वतःचे धरण असलेल्या महापालिका राज्यात मोजक्याच असल्याने शहराला त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या बातमीत पाणी किती आहे एवढेच असते. त्या पाण्यात मार्च ते जून या काळात कोणते जीव किती वाढले, त्यांच्यापैकी विषनिर्मितीची क्षमता असलेले कोणते, हा प्रश्न ना लोकप्रतिनिधी विचारतात, ना नागरिक. पाण्याचा हिशेब टीएमसीत आणि दशलक्ष लिटरमध्ये करण्याची आपली सवय जुनी आहे. जनुकांत करण्याची सवय अजून लागायची आहे.

कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके शनिवार-रविवारच्या सहलींसाठी शहरी वाचकाच्या परिचयाचे आहेत. पण मुंबई महानगर प्रदेशाच्या पाण्याच्या दृष्टीने त्यांचे स्थान त्याहून कितीतरी महत्त्वाचे आहे. खालापुरात मोरबे आहे आणि पाताळगंगा आहे. या नदीला बारमाही वाहते ठेवणारे पाणी घाटावरून येते: टाटांच्या वळवण, लोणावळा आणि शिरवटा या तलावांतील पाणी १९१५ सालापासून खोपोलीच्या वीजगृहात उतरते आणि पुढे पाताळगंगेत मिसळते. कर्जतमध्ये तीच गोष्ट भिवपुरीला घडते. आंद्रा खोऱ्यातील ठोकरवाडीच्या जलाशयाचे पाणी वीजनिर्मितीनंतर पेज नदीत आणि तेथून उल्हासमध्ये जाते. भर उन्हाळ्यात राजनाल्याच्या कालव्यावर कर्जतचा शेतकरी भाताचे दुसरे पीक घेतो, तेही याच पाण्यावर. खाली बदलापूरच्या बंधाऱ्यापासून कल्याणपर्यंत उल्हासच्या पाण्यावर किती शहरांची तहान भागते हे वेगळे सांगायला नको. माथेरानसुद्धा शार्लोट तलावाच्या जोडीला नेरळहून वर चढवलेल्या पाण्यावर अवलंबून आहे. मिनी ट्रेनच्या मार्गावरील ‘वॉटर पाइप’ या स्थानकाच्या नावातच तो इतिहास जपला गेला आहे.

म्हणजे घाटमाथ्यावरच्या तलावात जे वाढते, ते या दोन तालुक्यांतून वाहते आणि खालच्या शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांच्या तोंडाशी पोहोचते. घाटमाथ्यावरील लोणावळ्याची वाढ, कर्जत-खालापुरात गेल्या तीन दशकांत उभी राहिलेली फार्म हाऊस, दुसरी घरे आणि रिसॉर्ट, त्यांच्या शोषखड्ड्यांतून झिरपणारे सांडपाणी, हिरवळीला आणि भाताला दिली जाणारी खते, या साऱ्यांतून पाण्यात नत्र आणि स्फुरद येत राहते. स्फुरद हा यातील कळीचा घटक. तो साठलेल्या पाण्यात पोहोचला, पाणी तापले आणि वारा पडला, की नीलहरित शैवालाला हवी असलेली परिस्थिती तयार होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तेव्हा त्यात सर्वाधिक, म्हणजे ५३ पट्टे महाराष्ट्रातील होते आणि उल्हास व पाताळगंगा या दोन्ही नद्या त्या यादीत होत्या. उल्हासवर मोहने परिसरात दरवर्षी पसरणारी जलपर्णी हे याच अतिपोषणाचे डोळ्यांना दिसणारे रूप आहे. न दिसणारे रूप अधिक काळजीचे आहे.

नीलहरित शैवाल हे नाव पाठ्यपुस्तकांनी रूढ केले असले, तरी हे शैवाल नव्हेच. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे जीवाणू, अर्थात सायनोबॅक्टेरिया आहेत. पृथ्वीच्या वातावरणात प्राणवायू आणला तो त्यांनीच. कर्जतच्या भातशेतीला तर ते परके नाहीत. भारतातील भातखाचरांत हवेतील नत्र जमिनीत स्थिर करण्याचे काम हे जीव करतात, हे पी. के. डे यांनी १९३९ मध्येच दाखवून दिले होते आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र ज्या कर्जतमध्ये आहे, तेथील शेतकऱ्याला ‘निळे-हिरवे शेवाळ’ हे जैविक खत म्हणून ठाऊक आहे. खाचरातला हा मित्र आणि जलाशयातला शत्रू एकाच कुळातले आहेत. या कुळातील काही प्रजाती, त्यातही काही वाणच, विष तयार करतात. मायक्रोसिस्टिस नावाच्या प्रजातीचे मायक्रोसिस्टिन हे विष यकृतावर आघात करते. पेशींचे कामकाज नियंत्रित करणाऱ्या फॉस्फटेज या विकरांना ते बंद पाडते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात आयुष्यभराच्या वापरासाठी लिटरमागे एक मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग, ही मर्यादा सुचवली आहे. अल्पकाळासाठी १२ मायक्रोग्रॅमपर्यंत सवलत आहे. उकळून हे विष जात नाही. आपल्याकडे साथ आली की ‘पाणी उकळून प्या’ हा सल्ला प्रशासनाच्या जिभेवर तयार असतो. इथे तो निरुपयोगी आहे, कारण उकळताना पाणी कमी होते आणि विष तेवढेच राहते.

हे केवळ ग्रंथातले भय नाही. १९९६ च्या फेब्रुवारीत ब्राझीलमधील कारुआरू शहरात डायलिसिस केंद्रातील रुग्ण एकामागून एक आजारी पडू लागले. केंद्राला टँकरने येणारे पाणी जलाशयातले होते आणि पुरेसे शुद्ध केलेले नव्हते. मायक्रोसिस्टिन थेट रक्तात गेले. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत ७६ रुग्ण दगावले आणि त्यांपैकी ५२ मृत्यूंचा संबंध या विषाशी जोडला गेला. टँकर आणि डायलिसिस केंद्र, या दोन्ही गोष्टी आपल्या शहरांना किती परिचित आहेत हे लक्षात घेतले, की ब्राझील फार दूर वाटत नाही. चीनमध्ये ताइहू सरोवरावर २००७ च्या उन्हाळ्यारंभी एवढी साय धरली, की वूशी शहरातील सुमारे वीस लाख लोकांना नळाचे पाणी वापरता आले नाही. अमेरिकेतील टोलिडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरातील विषामुळे सुमारे पाच लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगण्याची वेळ आली. ती सूचना मागे घ्यायला जवळजवळ तीन दिवस लागले.

तथापि आपल्या दृष्टीने सर्वात बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. क्वीन्सलँडच्या पाम बेटावर १९७९ च्या नोव्हेंबरमध्ये १४८ जण यकृताच्या दाहासारख्या लक्षणांनी आजारी पडले. त्यांत बहुतेक मुलेच होती. कारण शोधता शोधता तपास बेटाला पाणी पुरवणाऱ्या धरणापाशी येऊन थांबला. धरणात शेवाळ वाढल्याने, पाण्याला चव आणि वास येऊ लागल्याने त्यावर मोरचूद टाकण्यात आले होते. शेवाळ मेले, पण मरताना त्याच्या पेशी फुटल्या आणि आतले विष पाण्यात मिसळले. पुढे सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन या नावाने ओळखले गेलेले हे विष बनवणारी प्रजाती उष्ण प्रदेशांत सहज वाढते आणि मायक्रोसिस्टिसप्रमाणे पृष्ठभागावर हिरवी साय धरत नाही. त्यामुळे काठावरून पाहणाऱ्याला ती कळतही नाही. आपल्या गावागावांत जलसुरक्षक विहिरीत आणि टाकीत टीसीएल पावडर टाकतो. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत कच्चे पाणी आत घेतानाच क्लोरीन देण्याची पद्धत असते. कॉलऱ्याच्या आणि हगवणीच्या जीवाणूंविरुद्ध हे योग्यच आहे. पण पाण्यात विषारी नीलहरित जीव भरपूर असतील, तर हाच उपाय त्यांच्या पेशी फोडून विष मोकळे करतो. तुरटीने अख्ख्या पेशी खाली बसवता येतात. विरघळलेले विष तुरटीने जात नाही, त्यासाठी सक्रिय कोळसा किंवा ओझोन लागतो. म्हणजे क्लोरीन आधी द्यायचे की नंतर, हा निर्णयही पाण्यात कोण आहे हे कळल्यावरच घेता येतो.

आणि ते कळायचे कसे, हा मुख्य प्रश्न.

जुना मार्ग सूक्ष्मदर्शकाचा. त्याला हिणवण्याचे कारण नाही. मुंबईच्या परिसरात या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. वांद्र्याच्या एका तळ्यात ऋतुमानाप्रमाणे कोणते शैवाल कधी येते आणि जाते याचा एला गोन्साल्विस आणि दीना जोशी यांनी केलेला अभ्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. टी. व्ही. देशिकाचारी यांचा नीलहरित शैवालांवरचा १९५९ चा ग्रंथ आजही जगभर संदर्भासाठी उघडला जातो. मात्र असे डोळे तयार व्हायला वर्षे लागतात आणि वर्गीकरणशास्त्र शिकायला आता विद्यार्थी येत नाहीत, ही विद्यापीठांतील वस्तुस्थिती आहे. शिवाय सूक्ष्मदर्शकाची एक मर्यादा कितीही अनुभवी अभ्यासकाला ओलांडता येत नाही. मायक्रोसिस्टिसचा विषारी वाण आणि निर्विष वाण भिंगाखाली एकसारखेच दिसतात. फरक असतो तो त्यांच्या जनुकांत.

हा फरक नेमका कुठे आहे, हे २००० साली स्पष्ट झाले. मायक्रोसिस्टिन तयार करणारी दहा जनुके एकापाठोपाठ एक, सुमारे ५५ हजार अक्षरांच्या एका पट्ट्यात असतात, हे मायक्रोसिस्टिसच्या एका वाणात उलगडले गेले. हा पट्टा ज्याच्याकडे आहे तो विष बनवू शकतो, ज्याच्याकडे नाही तो बनवू शकत नाही. येथून पुढचा विचार साधा होता: तलावातून एखादा लिटर पाणी घ्यायचे, अतिसूक्ष्म गाळणीतून गाळायचे, गाळणीवर अडकलेल्या साऱ्या जीवांचा डीएनए एकत्रच काढायचा आणि त्यात काय लिहिले आहे ते वाचायचे. एकेक जीव प्रयोगशाळेत वाढवण्याची गरज उरत नाही. तसेही त्यांतले बहुतेक तिथे वाढत नाहीत.

वाचण्याचे मार्ग दोन आणि त्यांचा गोंधळ करू नये. एका मार्गात सर्व जीवाणूंत असणारे, सुमारे दीड हजार अक्षरांचे ‘सोळा-एस’ हे जनुक वाचले जाते. कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये याच प्रकारच्या रेणूच्या आधारे सजीवांच्या वंशवृक्षाची नवी मांडणी केली होती. हे जनुक प्रत्येक गटात थोडे वेगळे असल्याने त्याचे लक्षावधी तुकडे यंत्रावर एकदम वाचून, माहितीसाठ्याशी ताडून, तलावात कोणकोण आहे याची खानेसुमारी करता येते. दुसऱ्या मार्गात विषाच्या जनुकांनाच लक्ष्य केले जाते आणि ती किती प्रतींत आहेत ते पीसीआरने मोजले जाते. कोविडच्या काळात ‘आरटी-पीसीआर’ हा शब्द घराघरांत गेला; तेच तंत्र, फक्त आरएनएचा डीएनए करण्याची पायरी इथे नाही. खानेसुमारीवरून लोकसंख्येचा कल कळतो, मोजणीवरून धोक्याची पातळी. अमेरिकेतील ओहायो राज्याने टोलिडोचा धडा घेऊन २०१६ पासून भूपृष्ठावरील पाणी पुरवणाऱ्या यंत्रणांना कच्च्या पाण्याची अशी जनुकमोजणी ठरावीक काळाने करणे बंधनकारक केले. एका चाचणीत नीलहरित जीवाणूंचे एकूण प्रमाण आणि तीन प्रकारच्या विषांची जनुके मोजली जातात; आकडा चढू लागला की प्रत्यक्ष विषाची तपासणी वाढवली जाते. पाणी हिरवे दिसेपर्यंत थांबावे लागत नाही, हे या पद्धतीचे खरे महत्त्व.

उपग्रह आहेत की, असे कोणी म्हणेल. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमांतून मोरब्याएवढ्या जलाशयावरचा हिरवा रंग टिपता येतो, हे खरे. पण उपग्रहाला पृष्ठभाग दिसतो, ढगांपलीकडचे दिसत नाही आणि कोकणातले चार महिने ढगांचेच असतात. शिवाय मायक्रोसिस्टिसच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांच्या आधारे ते दिवसभरात वरखाली होत राहते. सकाळी वाऱ्याने एका काठाला लागलेली साय दुपारी विरलेली असते. काठावरून बाटलीभर पाणी घेऊन केलेली तपासणी म्हणूनच फसवी ठरते, मग ती भिंगाने केलेली असो वा जनुकांनी. नमुना कुठून, किती खोलीवरून आणि किती वाजता घेतला, यावर महागड्या यंत्राच्या उत्तराची किंमत ठरते. आपल्या सरकारी अहवालांत हीच माहिती बहुधा गाळलेली असते.

जनुकवाचनाची भलामण करताना त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. जनुक असणे म्हणजे विष असणे नव्हे. घरात शस्त्र असणे आणि ते चालवले जाणे यांत अंतर असते. मेलेल्या पेशींचा डीएनएही काही काळ पाण्यात राहतो आणि मोजला जातो. खानेसुमारीतले आकडे टक्केवारीचे असतात: नीलहरित जीवाणू दहा टक्क्यांवरून तीस टक्के झाले याचा अर्थ ते वाढले असाही होतो आणि बाकीचे घटले असाही. हिरव्या वनस्पतींच्या पेशींतील हरितलवके ही मुळात याच कुळातून आलेली असल्याने त्यांचे जनुकही नीलहरित जीवाणूंसारखेच दिसते आणि काठावरचे कुजके गवतदेखील अननुभवी विश्लेषकाला फसवू शकते. आणखी एक अडचण आपली खास आहे. ज्या माहितीसाठ्यांशी हे तुकडे ताडून पाहायचे, ते प्रामुख्याने युरोप-अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलियातील तलावांवर उभे राहिले आहेत. सह्याद्रीच्या जांभ्यावरून आणि काळ्या खडकावरून आलेल्या पाण्यातले आपले वाण त्यांत थोडे. म्हणूनच सुरुवातीची काही वर्षे सूक्ष्मदर्शक, जनुकवाचन आणि विषाची रासायनिक तपासणी हे तिन्ही सोबतच चालवावे लागेल. यंत्र आणले की जुन्या अभ्यासकाला घरी पाठवायचे, हा आपल्याकडचा शिरस्ता येथे महागात पडेल.

नुसत्या रंगावरून निष्कर्ष काढण्याचा मोह किती घातक असतो, हे महाराष्ट्राने जून २०२० मध्ये पाहिले. लोणारचे सरोवर अचानक गुलाबी झाले, तेव्हा शैवालापासून शापापर्यंत सर्व तर्क झाले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर गेले, नमुने नागपूरच्या ‘नीरी’कडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे तपासणीस गेले आणि क्षारप्रेमी ‘हॅलोआर्किया’ या सूक्ष्मजीवांनी हा रंग आणल्याचे पुढे आले. उजनीचे पाणी हिरवे होते तेव्हा मात्र तर्काला न्यायालयापर्यंत जावे लागत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी भीमेतून तेथे पोहोचते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक असूनही हिरवा रंग आता सवयीचा झाला आहे.

मग हे काम करण्याची क्षमता आपल्याकडे आहे काय? आहे, आणि तीही दीड-दोन तासांच्या अंतरावर. नाशिकच्या २०१५ च्या सिंहस्थात गोदावरीतील जीवाणूंच्या समुदायात काय बदल झाला, याचा जनुकीय अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी केला होता. महासाथीच्या काळात डिसेंबर २०२० मध्ये ‘इन्साकॉग’ हे जनुकवाचन करणाऱ्या प्रयोगशाळांचे देशव्यापी जाळे उभे राहिले. मुंबई महापालिकेने ऑगस्ट २०२१ मध्ये कस्तुरबा रुग्णालयात स्वतःची जनुकवाचन प्रयोगशाळा सुरू केली. पुण्यात सांडपाण्यातून करोना विषाणूचा माग काढण्याचे प्रयोग झाले. साथ ओसरली, यंत्रे आणि प्रशिक्षित माणसे राहिली. विषाणू वाचणाऱ्या यंत्राला तलावातील डीएनए वाचण्यास कोणतीही तात्त्विक अडचण नाही. तळहातावर मावणारी, संगणकाच्या यूएसबीला जोडता येणारी नॅनोपोअर यंत्रेही गेल्या दशकात आली आहेत. त्यांची अचूकता वाढत गेली आहे आणि भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रातील टेबलावर ती चालू शकतात. तंत्रज्ञान नाही म्हणून थांबलो, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

अडचण दुसरीकडे आहे. मोरबे महापालिकेचे, घाटावरचे तलाव टाटा पॉवरचे, नदी जलसंपदा विभागाची, तिचे प्रदूषण मोजणार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ, गावाच्या नळाचे पाणी पाहणार जिल्हा परिषद, विहिरीचे भूजल सर्वेक्षण यंत्रणा, औद्योगिक वसाहतीचे पाणी ‘एमआयडीसी’चे. एकच पाणी घाटावरून कल्याणपर्यंत पोहोचेस्तोवर सात हातांतून जाते आणि प्रत्येक हात आपापल्या बाटलीतले तेवढे तपासतो. त्यातही नेहमीची तपासणी कोलीफॉर्म जीवाणू, गढूळपणा, उरलेला क्लोरीन आणि काही रासायनिक घटकांची. ती चुकीची नाही, पण नीलहरित विष त्या चाळणीतून निसटते. पाणी कोलीफॉर्ममुक्त, स्वच्छ आणि तरीही विषारी असू शकते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. ज्या गावांत गटारे नाहीत, जिथे सांडपाणी सरळ नदीत जाते, तिथे जनुकवाचनाची चैन कशाला? आधी घाण थांबवा, मग यंत्रे आणा. या आक्षेपाचा पहिला अर्धा भाग निर्विवाद मान्य करायला हवा. स्फुरद रोखल्याशिवाय कोणतेही निरीक्षण तलाव वाचवणार नाही. तापमापीने ताप उतरत नाही. पण सांडपाणी प्रकल्प उभे राहायला वर्षे लागतात. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये कठोर आदेश दिले, त्यानंतरही मोहनेची जलपर्णी हटलेली नाही, हा ताजा अनुभव आहे. त्या मधल्या वर्षांत लोक पाणी पितच असतात. शिवाय कोणत्या ओढ्यातून येणाऱ्या पाण्यानंतर विषारी वाणांचे प्रमाण चढते हे जर दर पंधरवड्याच्या आकड्यांतून दाखवता आले, तर सांडपाणी प्रकल्प आधी कुठे बांधायचा याचेही उत्तर मिळते. आज ते उत्तर अभियंत्याच्या अंदाजावर आणि आमदाराच्या आग्रहावर ठरते.

कोण हे पाणी प्रथम पितो, हेही पाहिले पाहिजे. नवी मुंबईकरांच्या नळाला येणारे पाणी निदान शुद्धीकरण केंद्रातून जाते. जलाशयाच्या काठावरील ठाकर आणि कातकरी वाड्यांना ती सोय असतेच असे नाही. उन्हाळ्यात ओढे आटले की माणसे आणि जनावरे जलाशयाच्या मागे सरकत गेलेल्या काठावर उतरतात, आणि वाऱ्याने साय लोटली जाते ती नेमकी काठालाच. तिथलीच मासळी त्यांच्या ताटात असते. माशाच्या यकृतात आणि आतड्यात हे विष साठते, मांसात तुलनेने कमी. बोट्सवानात २०२० मध्ये तीनशेहून अधिक हत्ती मेले, तेव्हा तेथील सरकारने पाणवठ्यांतील नीलहरित विषाकडे बोट दाखवले होते. खालापुरात एखाद्या वाडीवर चार शेळ्या पाण्यावरून परतून मेल्या, तर त्याची नोंद ‘अज्ञात आजार’ अशी होईल. अशा प्रसंगी काठचे पाणी बाटलीत भरून, बर्फात ठेवून कुठे पाठवायचे, हे पशुधन अधिकाऱ्याला आणि जलसुरक्षकाला आधीच सांगून ठेवायला खर्च जवळजवळ काहीच नाही.

मोरब्याच्या पाण्यात विष आहे, असे येथे मुळीच सुचवायचे नाही. तसे म्हणून घबराट माजवणे सोपे आहे आणि त्याने बाटलीबंद पाणी विकणाऱ्यांखेरीज कोणाचे भले होत नाही. म्हणणे एवढेच, की ‘नाही’ हे उत्तरही मोजून द्यायचे असते. वर्षाला काही डझन नमुने, फेब्रुवारी ते जून या काळात अधिक दाट, धरणाच्या भिंतीजवळ निरनिराळ्या खोलींवर, जलाशयाच्या शेपटाशी, वीजगृहांच्या सांडव्यापाशी आणि बदलापूरच्या बंधाऱ्यामागे. एवढ्या माहितीने दोन-तीन वर्षांत या पाण्याचा स्वभाव कळू लागेल. आकडे संकेतस्थळावर लगेच टाकले जावेत. पातळीचे आकडे टाकले जातातच. आकडा चढला तर काय करायचे, हे आधीच कागदावर असावे: पाणी वेगळ्या खोलीवरून उचलणे, आरंभीचे क्लोरीन थांबवणे, सक्रिय कोळशाचा साठा बाहेर काढणे, मोरचुदाला हात न लावणे. टोलिडोत अधिकाऱ्यांना हे सारे मध्यरात्री ठरवावे लागले होते.

भूतकाळही वाचता येतो, हे या तंत्राचे आणखी एक अंग. न्यूझीलंडमध्ये ‘लेक्स ३८०’ या प्रकल्पात देशातील सुमारे ३,८०० तलावांपैकी दहा टक्के तलावांच्या तळाचा गाळ नळकांड्यांनी काढून, त्याच्या थरांतील डीएनए वाचून, शेकडो वर्षांत कोणते जीव केव्हा आले याचा इतिहास मांडला गेला. आपल्या उष्ण पाण्यात डीएनए इतका टिकणार नाही. तरीही वळवणच्या तळाशी शंभर वर्षांहून अधिक काळचा गाळ थराथराने बसला आहे. लोणावळा थंड हवेचे गाव होते तेव्हापासून आजच्या वाहनकोंडीपर्यंतचा काळ त्यात आहे. एखाद्या विद्यापीठाने हे काम हाती घेतले, तर ‘पूर्वीही असेच होते’ आणि ‘सगळे अलीकडेच बिघडले’ या दोन्ही ठाम मतांची परीक्षा होईल.

या विषयाला सध्या निकड आली आहे ती नव्या धरणांमुळे. महानगराची वाढती तहान भागवण्यासाठी राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये कर्जत तालुक्यातील पोशीर आणि शिलार या दोन प्रकल्पांना मान्यता दिली. उल्हासवरील कोंढाणे धरण त्याआधीपासून सिडकोच्या नियोजनात आहे. नवे धरण प्रथम भरते तेव्हा बुडालेली शेते, झाडझाडोरा आणि माती यांतून पोषकद्रव्ये एकदम पाण्यात उतरतात आणि पहिली काही वर्षे जलाशय शैवालाला विशेष अनुकूल असतो. जगभरच्या जलाशयांचा हा अनुभव आहे. भूसंपादन, वनजमीन, पुनर्वसन आणि निविदा यांच्या फायलींत पाण्यातील जीवांची फाइल आज नाही. ती उघडायची तर नद्या अजून वाहत्या आहेत तोवरच. पोशीर आणि शिलार अडवल्या जाण्यापूर्वीच्या पाण्याचे आणि काठच्या मातीचे नमुने गोठवून ठेवले, तर पुढे कधी या जलाशयांवर साय धरली, तेव्हा ती कुठून आली हे ताडून पाहायला काहीतरी हाती असेल. त्यासाठी उणे ऐंशी अंशांचा एक शीतकपाट आणि दोन उन्हाळे पुरेसे आहेत.